दर चार फुटांवर एक

"मॅडम, ही हरणा लबाडी करू लाली!" सोजरबाई ओरडली. "दोरी तीच, आन् हिचे नऊ हात कसे भरतील? माझे आठच भरले."

"तुझ्या डोळ्यादेखत मोजले की," हरणा म्हणाली. तिनं पदर खोचला आणि जमिनीवर ताणलेली सुतळी पुन्हा पहिल्यापासून कोपर टेकवत मोजायला घेतली. बाकीच्या पाच जणी मोठ्यानं आकडे म्हणत तिच्यामागून चालल्या. नऊ भरले. मग सोजरबाईनं मोजली. आठ भरले.

मी दोघींचे हात शेजारी शेजारी धरले. सोजरबाई उंच, हाडापेरानं मोठी. तिचा कोपरापासून मधल्या बोटापर्यंतचा हात अठरा इंच भरला. हरणा ठेंगणी, तिचा सोळा. मग टेप लावला. सुतळी बरोबर बारा फूट होती.

"म्हणून फूट वापरायचा," मी म्हणाले. "फूट कुणाच्याही हातानं मोजला तरी तेवढाच भरतो."

"म्हणजे ना सासूचा, ना सुनंचा," सोजरबाई म्हणाली आणि देवळापुढच्या लिंबाखाली असा हशा पिकला, की पारावरची म्हातारी माणसं वळून बघायला लागली. त्या गावात सव्वा वर्षानंतर कुणी तरी इतक्या मोठ्यानं हसत होतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

ते जानेवारी पंच्याण्णव. लातूर जिल्ह्यातलं हिंगणवाडी हे दीडशे उंबऱ्यांचं गाव. सव्वा वर्षापूर्वीच्या भूकंपात गावाची खालची आळी जमीनदोस्त झाली होती, एकोणीस माणसं गेली होती. वरची आळी तडे जाऊन का होईना, उभी होती. मी बावीस वर्षांची, सोलापूरची, बांधकामाचा डिप्लोमा नुकताच झालेली. एका संस्थेनं मला पाठवलं होतं ते गावातल्या बायकांना गवंडीकाम शिकवायला आणि त्यांच्याच हातून वरच्या आळीतली घरं मजबूत करून घ्यायला. पुरुष मंडळी सरकारी वसाहतीच्या कामांवर जात, म्हणून बायका. नाव नोंदवलं सात जणींनी.

त्या चार-पाच महिन्यांइतकं सुख मला पुढं कुठल्याच नोकरीत मिळालं नाही. सकाळी आठला सात जणी भाकरी बांधून हजर; हरणाचं तान्हं लेकरू लिंबाला टांगलेल्या झोळीत. काटकोन कसा काढायचा ते मी दोरीनं दाखवलं: एका बाजूला तीन फूट, दुसरीला चार, आणि समोरासमोरच्या खुणांमधलं अंतर पाच भरलं की कोपरा पक्का. दुसऱ्या दिवशी कळलं, की त्यांनी रात्रीतून आपापल्या चुलीचे, ओट्याचे, गोठ्याचे कोपरे तपासून काढले होते. "देवळाचा कोपरा चार बोटं बाहेर हाय मॅडम, पण कुणाला सांगू नका," हरणानं कानात सांगितलं. इंचाचे आठ भाग म्हणजे आठ सूत, हे त्यांना इतकं आवडलं की भाकरीत मीठ 'सूतभर कमी' व्हायला लागलं. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल असं लाकडी खोकं आम्ही केलं. हा एक घनफूट. असे शंभर म्हणजे एक ब्रास. खोक्यात एकदा वाळू भरली, एकदा खडी, एकदा माळवदावरची, म्हणजे घरांच्या सपाट मातीच्या छतावरची, पांढरी माती, आणि प्रत्येक वेळी किराणा दुकानाच्या मोठ्या तराजूवर तोललं. पांढरी माती ठोकून भरली तर पंचेचाळीस किलो भरली.

"एवढ्याशा खोक्यात?" सोजरबाई म्हणाली. ती बराच वेळ त्या खोक्याकडं बघत राहिली.

सोजरबाई पस्तिशीची. भूकंपाच्या वेळी ती भावजयीच्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. मुलीची शाळा बुडू नये म्हणून सहा वर्षांच्या पोरीला नवऱ्यापाशी ठेवून गेली. परत आली तेव्हा दोघंही नव्हते. सासरे तेवढे राहिले होते. त्या पहाटे ते शेतात राखणीला होते. तिनं हे मला एकदाच सांगितलं, वाळू चाळता चाळता, हात न थांबवता.

सासरे म्हणजे नागनाथआबा. गावातले एकमेव गवंडी. खालची आळी पूर्ण आणि वरची निम्मी त्यांच्याच हातची. भूकंपानंतर त्यांनी थापी हातात धरली नव्हती. दिवसभर ते आपल्या पडलेल्या घराच्या जोत्यावर बसून असत. रात्री उघड्यावर झोपत, थंडी असो की झड. सोजरबाई दुपारी त्यांना भाकरी नेऊन देई आणि आम्ही दिवसभरात काय केलं ते सांगे. ते ऐकतात की नाही हेही कळायचं नाही, असं ती म्हणायची.

शिकवणं छान चाललं होतं, पण खरं काम अडून बसलं होतं. वरच्या आळीतल्या भिंती दोन-दोन फूट जाड, काळ्या दगडाच्या. पण ती दिसायला एक भिंत. खरं तर पाठीला पाठ लावून उभ्या केलेल्या दोन भिंती, आणि मधल्या पोकळीत माती आणि दगडाच्या कपच्या. जमीन हलली की आतली बाजू आत कोसळते, बाहेरची बाहेर. त्यावर उपाय होता. भिंतीला दर चार फुटांवर, आणि उंचीत दर दोन फुटांवर, आरपार भोक पाडायचं, त्यात सळई ठेवून एकास दोन चार प्रमाणाचं सिमेंट-वाळू-खडीचं काँक्रीट भरायचं. गोधडीला टाके घालतात तसं. शिवाय माळवदावरची वर्षानुवर्षांची माती आठ इंचांवर आणायची.

वरच्या आळीनं साफ नकार दिला. नकार देणाऱ्यांत पुढं होते विश्वंभरराव, हरणाचे सासरे. "आमची भिंत एवढ्या भूकंपात हालली न्हाई," ते मला म्हणाले, "आन् तुम्ही आता तिला भोकं पाडणार? ते बी बायकांच्या हातनं? आन् माती काढली तर उन्हाळ्यात घर तापून आमी मरायचं का?"

मी नकाशे दाखवले. त्यांनी चहा पाजला. असं चार वेळा झालं. पावसाळ्याआधी काम संपवायचं होतं आणि फेब्रुवारी उजाडला तरी एकही घर मिळालं नव्हतं.

एके दुपारी सोजरबाई म्हणाली, "मॅडम, आज माझ्यासंगं चला. मामाला तुमाला कायतरी विचारायचंय."

आबा जोत्यावर बसले होते. घराचा फक्त एक कोपरा उभा होता, पुरुषभर उंच, आणि त्यावर माळवदाचा एक लचका अजून लटकत होता. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. त्या कोपऱ्याकडं बोट केलं.

"बाई, ही भिंत ओळंब्यात हाय का न्हाई, बघा."

मी पिशवीतून ओळंबा काढला, दोरा वरून सोडला. वजन हलायचं थांबलं. दोरा आणि भिंत यांच्यातलं अंतर वर जेवढं होतं तेवढंच खाली होतं. एक सूतही फरक नव्हता. भूकंप सोसूनही.

"ओळंब्यात आहे, आबा."

"समदं घर असंच व्हतं. माझ्या हातची भिंत कधी ओळंबा सोडून गेली न्हाई." ते थांबले. "मंग पडली कशी?"

बावीस वर्षांच्या पोरीला जे सुचतं तेच मला सुचलं. मी म्हणाले, "आबा, भूकंपच एवढा मोठा होता. त्याच्यापुढं कुणाची भिंत टिकणार होती?"

आबांनी मान हलवली. त्यांना तेवढं पुरलं असतं की नाही कोण जाणे. पण सोजरबाईनं हातातला तांब्या खाली ठेवला.

"मंग वरच्या आळीच्या कशा टिकल्या, मॅडम?"

मी ओळंबा पिशवीत टाकायला लागले.

"तुमी आमाला कधी सूतभर बी फसवलं न्हाई," ती म्हणाली. "हितं कामून फसवू लालाव?"

ती रागावली नव्हती, हेच मला जास्त लागलं. मी टेप काढला आणि एक टोक तिच्या हातात दिलं.

आम्ही जोत्यावरून खोलीची लांबी मोजली. सोळा फूट. रुंदी दहा. मग मी दगडावर चढले आणि लटकणाऱ्या माळवदाची जाडी मोजली. मातीचे थर स्पष्ट दिसत होते, एकावर एक. दोन फूट भरले.

"एवढी माती कशी आली, आबा?"

"दर साली. रोहिणीच्या आधी पांढरी वढून आणायची आन् वर पसरायची. जुनी काढायची न्हाई. माझ्या बानं तेच केलं, म्या बी तेच केलं."

"सोळा दाही एकशे साठ," सोजरबाई पुटपुटली. "दोन फूट जाडी. तीनशे वीस. मॅडम, तीनशे वीस घनफूट ना? सव्वातीन ब्रास?"

"हो. जवळजवळ सव्वातीन."

"आन् खोक्यात पंचेचाळीस किलो."

मी टेप गुंडाळायला लागले. "राहू द्या सोजरबाई. एवढं पुरे."

पण गुणाकार आबांनी केला. जुन्या माणसांना पाढे तोंडपाठ असत. ते नजर जमिनीवर ठेवून, दगडाचा हिशेब करावा तसं म्हणत गेले. "शंभराला पंचेचाळीसशे. तीनशेला साडेतेरा हजार. विसाला नऊशे. चौदा हजार चारशे." मग क्षणभर थांबून त्यांनी त्याचे क्विंटल केले. "एकशे चव्वेचाळीस. एकशे चव्वेचाळीस पोती जवारी."

 लांब कुठं तरी विहिरीवर इंजिन चालू होतं, त्याचा आवाज येत होता.

"एवढी पोती माझ्या नातीच्या डोस्क्यावर ठिवली व्हती मी," आबा म्हणाले.

मला वाटलं, आता हे कोसळतील. ते उठले. उभ्या कोपऱ्यापाशी गेले आणि जिथं भिंत फाटली होती तिथं आत हात घालून मूठभर कोरडी माती काढली.

"भिंतीचं सांगा आता. वजन वरून आलं. ते भिंतीनं पेलायला पाहिजे व्हतं."

मी सांगितलं. दोन बाजू, मधली पोकळी, दोन्ही बाजू एकमेकींना धरून ठेवणारं काहीच नसणं. मी पुढं बोलणार तोच त्यांनी हात वर केला.

"लांब दगड."

"हो, आबा."

"माझा बा घालायचा." त्यांचा आवाज खाली गेला. "दर अडीच हातावर एक लांब दगड, हिकडून तिकडं आरपार. तो घडायला आख्खा दिस जातो. बा गेला आन् म्या ते सोडलं. लोकांना घाई व्हती, मला बी घाई व्हती. भायेरून कुणाला दिसतंय? भिंत तर ओळंब्यात व्हती!"

सोजरबाई आमच्याकडं पाठ करून जोत्याच्या कडेला जाऊन बसली. मी तिच्याजवळ जावं की नाही, मला कळेना. आबा मूठ तशीच धरून उभे. ऊन जोत्यावरून खाली उतरलं.

मग ती उठली. लुगडं झाडलं. सासऱ्यांपुढं येऊन उभी राहिली.

"मामा, वरच्या आळीत कुठल्या घरात लांब दगड हायत आन् कुठल्या न्हाईत, तुमच्या ध्यानात हाय का?"

"समदं ध्यानात हाय."

"मंग उद्या चला. लोकांला सांगा."

"लोक काय म्हणतील, सोजर?"

"म्हणू द्या. मी ऐकलं न्हवं का? त्येंनी बी ऐकावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा पांढरा फेटा बांधून आले. सव्वा वर्षात पहिल्यांदाच गावानं त्यांना वरच्या आळीत बघितलं. मागं आम्ही आठ जणी. पहिलं घर विश्वंभररावांचं.

"विश्वंभर," आबा अंगणातूनच म्हणाले, "तुझ्या लग्नाच्या आधी तुझ्या बापानं मला म्हटलं, धा दिसांत माडीखालची भिंत उभी कर. म्या केली. तिच्यात एक बी लांब दगड न्हाई."

विश्वंभरराव हसले. "आबा, उभी हाय की भिंत! कुणी शिकवलं तुमाला हे?"

"वरली आळी खडकावर हाय म्हणून धक्का कमी बसला. पुढल्या खेपेला ऱ्हाणार न्हाई."

"आन् आम्ही कशावरून मानायचं?"

आबांनी सोजरबाईकडं बघितलं. तिनं कोपऱ्यापासून टेप लावला, चार फुटांवर खडूची खूण केली, मग जमिनीपासून दोन फूट वर मोजून फुली मारली. आबांनी माझ्या हातातली पहार घेतली. सत्तरीच्या माणसानं चार घाव घातले. दर्शनी दगड सैल झाला, त्यांनी तो दोन्ही हातांनी ओढून काढला, आणि त्या भोकातून कोरडी माती खळखळून बाहेर यायला लागली. थांबेचना. आबांच्या पायावर ढीग झाला. विश्वंभरराव पुढं आले, वाकले, भोकात हात घातला. तो कोपरापर्यंत आत गेला. त्यांचा चेहरा बदलला.

तेव्हा हरणा पुढं झाली. खालच्या आळीत तिचं माहेर होतं. तिथं भूकंपात तिची आई गेली होती.

"आबा," ती म्हणाली, "माझ्या मायच्या घरात?"

सोजरबाईनं मान फिरवली. आबांनी फिरवली नाही.

"त्यात बी न्हवता, पोरी."

हरणा त्यांच्याकडं बघत राहिली. तिची सासू दारात येऊन उभी होती, ती म्हणाली, "हरणा, आत ये." हरणा आत गेली. आम्हाला वाटलं, संपलं. हे घर गेलं, आळी गेली, कदाचित हरणाही गेली. पण ती परत आली ती हातोडा आणि छिन्नी घेऊन. आबांकडं बघितलंसुद्धा नाही तिनं. सोजरबाईला विचारलं, "पुढलं भोक कुठं घ्यायचं?"

सोजरबाईनं टेप पुढं सरकवला.

त्या दिवसापासून आबा रोज येऊ लागले. कोणती भिंत त्यांच्या वडिलांच्या वेळची, कोणती घाईत केलेली, कुठं चुलाण काढून नुसता भराव टाकलेला, हे सगळं त्यांना पाठ होतं. प्रत्येक घरी ते अंगणात उभे राहून आधी तेच वाक्य म्हणायचे: हिच्यात एक बी लांब दगड न्हाई. कुणी शिव्या दिल्या. एका म्हातारीनं तोंडावर दार लावलं. एकानं हात धरून घरात नेलं आणि पाणी दिलं. शेवटी भिंती मात्र सगळ्यांनी उघडू दिल्या. जूनपर्यंत सदतीस घरं झाली. मातीचे ढीग आळीच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढे झाले होते आणि पोरं त्यावरून घसरत होती.

हरणा आणि आबा चार महिने शेजारी शेजारी काम करत होते. ती भोक पाडायची, ते आतला दगड सैल करून द्यायचे. ती त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही. काही हवं असलं तर सोजरबाईला सांगायची, आणि सोजरबाई दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या सासऱ्यांना ते पुन्हा सांगायची. कुणालाही त्यात वावगं वाटेनासं झालं होतं.

सोजरबाई पुढं नावाजलेली मिस्त्री झाली. दुसऱ्या राज्यात भूकंप झाला तेव्हा तिकडच्या बायकांना शिकवायला गेली. भाषा येत नव्हती, पण टेप येत होता, असं तिनं मला फोनवर सांगितलं. आबा त्या जूननंतर सात वर्षं जगले. माझी नोकरी बदलत गेली, मी मोठे पूल बघितले, उंच इमारती बघितल्या, आणि आता तर तेही मागं पडलं. कुणी विचारलं की आयुष्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं काम कोणतं, तर मी काही तरी भारदस्त सांगते. मनात मात्र त्या जूनमधली एक संध्याकाळ असते.

मृगाला दोन दिवस होते. सगळ्यांत आधी भोकं पाडलेलं हरणाचं घर माळवदाच्या कामासाठी अडून आता कुठं पूर्ण झालं होतं. चार महिने त्यांचं बिऱ्हाड अंगणातल्या पत्र्याखाली होतं; ते आता आत न्यायचं होतं. सासूनं भांडी नेली, विश्वंभररावांनी कणगी नेली. हरणा आठ महिन्यांचं झोपाळलेलं लेकरू खांद्यावर घेऊन दारापुढं उभी होती. आत जाईना.

आबा थापी धुऊन निघाले होते. ती त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. आम्ही सगळ्या होतो तिथंच थांबलो.

"आबा," ती म्हणाली, "लेकरू निजवू का आत?"

 आबांनी थापी ओसरीवर ठेवली आणि ते घरात गेले. आम्ही दारातून बघत होतो. ते चारी भिंतींना लागून चालले, काँक्रीटच्या प्रत्येक टाक्यावर तळवा ठेवत, ओठ हलवत मोजत. पूर्ण फेरी झाली. मग ते पुन्हा पहिल्या कोपऱ्यात गेले आणि दुसऱ्यांदा मोजलं. वर बघितलं, आठ इंच मातीच्या त्या हलक्या माळवदाकडं बराच वेळ बघितलं. मग ते बाहेर आले.

"निजव, माय," ते म्हणाले.

हरणा उंबरा ओलांडून आत गेली.